बांधलेली चाकं

१

डॉक्टर मेले ते आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीत, आतून दार लावून. एवढ्यावरून कुणी पोलीस बोलावत नाही. पण शवचिकित्सा करणाऱ्या म्हाताऱ्याने हातमोजे काढता काढता जे सांगितलं, ते ऐकून इन्स्पेक्टरबाईंनी ओठाला लावलेला कप खाली ठेवला.

"हा माणूस पळून पळून मेला," म्हातारा म्हणाला.

"खुर्चीत बसून?"

"ते तुम्ही बघा. मी शरीर वाचतो, खुर्ची वाचत नाही. स्नायूंमधली साखर संपलेली, यकृत रिकामं, अंगातलं पाणी घामावाटे गेलेलं. उन्हात पिटाळलेल्या घोड्याचं असं होतं. आणि पोटात हे." त्याने काचेच्या बशीत तळाला लागलेली चिमूटभर पिवळी भुकटी दाखवली. "यांचंच औषध. एका गोळीचं. लोकांना जेवढं देतात तेवढंच."

बाईंनी कपाळाला हात लावला. या डॉक्टरांना ओळखत नाही असा माणूस गावात दिवा घेऊन शोधावा लागला असता. त्यांनी एक गोळी काढली होती, दोन टोपणांच्या बारक्या कुपीत औषधाची भुकटी भरलेली. ती गिळायची आणि बसून राहायचं. शरीराला वाटतं आपण कोसभर पळून आलो, आणि चरबी आपोआप जळायला लागते. 'आळशांची गोळी' म्हणून वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. महिन्याभरात ती दुकानात यायची होती. बाईंच्या हवालदारांनी तर पोटावर हात फिरवत आधीच नाव देऊन ठेवलं होतं.

आणि डॉक्टर हीच त्या गोळीची जाहिरात. साठीला टेकलेला माणूस, पण वेताच्या छडीसारखा. रोज सकाळी चहाच्या वेळी सगळ्या संस्थेसमोर, पाहुण्यांसमोर ते एक गोळी उंच धरायचे, गिळायचे आणि म्हणायचे, "झालं माझं पळून!" सगळे हसायचे. वर्षभर मी चार पावलंसुद्धा मुद्दाम चाललो नाही, हे तर ते जिथे तिथे सांगत.

"रोज गोळी घेणारा माणूस त्याच एका गोळीने कसा मरतो?" बाईंनी विचारलं.

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं. खरं तर तुमच्यापर्यंत हे यायचंच नाही. बायको नको म्हणत होती, भागीदार नको नको म्हणत होता. हट्ट धरला तो थोरल्या बहिणीने. 'माझ्या भावाला नीट फाडून बघा, काहीएक सोडू नका' असं सांगणारी बहीण मी उभ्या नोकरीत पाहिली नाही."

बाईंनी चादर पायाकडून जरा वर केली. पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं. दुसऱ्या पायाचंही.

"ठेच?" म्हाताऱ्याने विचारलं.

"दोन्ही पायांना एकदम? बघू," बाई म्हणाल्या. असं नख त्यांनी कुठे तरी पाहिलं होतं, आणि कुठे ते काही केल्या आठवेना.

२

संस्थेत पाऊल ठेवल्याबरोबर भागीदार सामोरे आले. डोकं डॉक्टरांचं आणि पैसा यांचा, असा त्या संस्थेचा संसार होता. गळ्यात टाय, तोंडात पेपरमिंट, आणि चेहऱ्यावर सुतक कमी, घाई जास्त.

"मॅडम, हार्ट अटॅक आहे हो साधा. लिहून टाका. गोळी बाजारात यायच्या तोंडावर हे काय भलतंच?"

"तुम्ही त्या सकाळी होतात ना? काय झालं ते सांगा. हार्ट अटॅक मी लिहीन की नाही ते नंतर."

भागीदारांनी पेपरमिंट गालात सरकवलं. रोजच्यासारखंच सगळं. डॉक्टर आले, चहाच्या खोलीत जाऊन आपल्या खिशातल्या बाटलीतली गोळी त्यांनी ट्रेमधल्या वाटीत ठेवली, हात धुवायला गेले. ट्रे तिथेच टेबलावर. ज्याला त्याला चहा हवा असतो, सगळे तिथून येतात जातात. मग आक्कांनी ट्रे बाहेर आणला, डॉक्टरांनी गोळी गिळली, "झालं माझं पळून" म्हणाले.

"आणि?"

"आणि काही नाही. हां, बिस्कीट खाता खाता तोंड वाकडं केलं. 'आज चहा कडू झालाय' म्हणाले. चेहरा एकदम उतरला. मग खोलीत गेले ते गेलेच."

खोलीत काही झटापट झालेली नव्हती. फोन हाताशी होता, उचललेला नव्हता. टेबलाखाली मात्र साखरेच्या कागदी पुड्या पडल्या होत्या, फाडलेल्या, पुष्कळ. हवालदार गुडघ्यावर बसून त्या गोळा करता करता म्हणाले, "मॅडम, मरताना माणूस साखर कशाला खाईल?"

बाई बाहेर आल्या. पुढच्या टेबलाशी आक्का बसल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला बसवायचं, निरोप घ्यायचे, चहाचं बघायचं, हे त्यांचं काम. डॉक्टरांची सख्खी थोरली बहीण. सगळी संस्थाच त्यांना आक्का म्हणे. ताठ बसलेल्या, डोळे कोरडे.

"आई लवकर गेली, मीच वाढवला त्याला," त्या सांगायला लागल्या. "एका जागी म्हणून टिकायचा नाही. घास हातात धरून मी मागे, हा पुढे. दमछाक व्हायची नुसती."

"आणि तोच माणूस वर्षभर चालला नाही म्हणतात."

"म्हणतात खरं," आक्का म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात पाय शेकायला गरम पाणी मागितलं होतं माझ्याकडे. बसून बसून दुखतात म्हणाला."

टेबलावर एका तरण्या पोराचा फोटो होता. सायकलला टेकून उभा, दात काढून हसणारा.

"हा माझा लेक," आक्कांनी बाईंची नजर पकडली. "गेला. वर्ष उलटून गेलं. मामाच्या गोळीच्या पहिल्या चाचणीत होता. मामा म्हणाला, घरचीच पोरं पुढे आली तर लोकांना धीर येईल. हा सायकलवरून घरोघर पार्सलं पोचवायचा. सायकल मामानेच घेऊन दिलेली. गोळीने दिवसभर कडू ढेकर येतात म्हणून कुरकुर करायचा, पण मामाचा शब्द मोडायचा नाही. एक दिवस कामावरून आला, गोळी घेतली, आणि घामाने निथळत माझ्या मांडीवरच गेला."

बाईंनी वही मिटली.

"मामा धावत आला. पोराच्या छातीवर हात ठेवला आणि पहिलं काय विचारलं, तर, 'आज सायकल चालवली होती का गं त्यानं?' आपण दिलेली सायकल ना. जीव होता त्याचा भाच्यावर."

"कशाने गेला म्हणाले?"

"काळीज जन्मापासूनच कच्चं होतं, असं लिहून दिलं. मामानेच दिलं." आक्कांनी फोटो आपल्याकडे वळवला. "ते काळीज माझ्या पोटात घडलं होतं, बाई. म्हणजे खोट माझी. पोराला कधी साधं पडसं झालं नाही, आणि जग मला सांगतं की तू त्याला कच्चा जन्माला घातलास. तेवढी एक ओळ पुसून मिळाली की मी सुटले. दुसरं काही नको मला."

भाच्यानंतर भावाने तिला या टेबलाशी आणून बसवलं होतं. दया म्हणून. बाईंना ती दया कशीशीच वाटली.

इतक्यात हवालदार धापा टाकत आले. डॉक्टरांच्या खिशातली बाटली तपासून आली होती.

"मॅडम, ती रोजची बाटली. तिच्यात औषध नाहीच. सगळ्या गोळ्यांत मक्याचं पीठ आहे!"

३

संस्थेच्या मागच्या अंगाला उंदीरघर होतं. धाकटी डॉक्टर तिथे काम करायची. तिला सगळे धाकटी म्हणत, कारण मोठ्या डॉक्टरांच्या सावलीत ती कधी वाढलीच नाही. गोळीतलं निम्मं डोकं तिचं, असं लोक हळू आवाजात बोलत. छापून आलं ते सगळं मोठ्यांच्या नावाने.

"राग होता तुम्हाला त्यांचा?" बाईंनी सरळच विचारलं.

"होता. आहे. लपवून काय करू?" धाकटी पिंजऱ्यात दाणा टाकत म्हणाली. "पण मला मारायचं असतं तर एकाच गोळीने मेले असते का ते? वर्षभर रोज घेत होते. मी मूठभर घातल्या असत्या."

"रोज पीठ खात होते ते," बाई म्हणाल्या, आणि बाटलीचं सांगितलं.

धाकटीच्या हातातला दाण्याचा डबा खाली आपटला. ती फिसकन हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "पीठ? अहो, मी त्यांचं वजन, त्यांचं रक्त, सगळं पुरावा म्हणून मांडलंय जगापुढे! पिठाचं? माझ्या नाकावर टिच्चून?" मग तिने दात ओठ खात मेलेल्या माणसाला जी शिवी घातली ती इथे सांगण्यासारखी नाही. हे सोंग नव्हे एवढं बाईंना कळत होतं.

बाईंनी पिवळ्या भुकटीबद्दल विचारलं. धाकटी गोंधळली.

"पिवळी? आमचं औषध पांढरं असतं. पिवळं होतं ते पहिल्या चाचणीतलं. तेव्हा ते धुऊन इतकं स्वच्छ करता येत नव्हतं. ते सगळं डॉक्टरांनी जाळायला लावलं, माझ्या डोळ्यांदेखत. औषध तेच, फक्त रंग वेगळा. पण त्याचा कणसुद्धा संस्थेत नाही."

"भाचा गेल्यावर जाळलं?"

"हो. लगेच."

बाई पिंजऱ्यांमधून फिरायला लागल्या. प्रत्येक पिंजऱ्यात उंदरांना पळायला एक चाक होतं, आणि प्रत्येक चाक तारेने गजाला घट्ट बांधलेलं. उंदीर चाकावर चढायचे, पाय मारून बघायचे, चाक हलायचं नाही, मग गुमान खाली उतरायचे.

"चाक द्यायचं आणि बांधून ठेवायचं? हा कुठला न्याय?"

"आमची रीतच आहे ती. उंदीर खरोखरच पळला, तर तो बारीक झाला तो गोळीने की पळण्याने, हे कळणार कसं? आणि चाक काढूनच टाकलं तर पिंजरा वेगळा होतो. म्हणून चाक असतं, पण बांधलेलं. गोळी आळशांसाठी, तर उंदीरही आळशी हवेत."

"म्हणजे गोळी खाऊन वर पळणारा उंदीर तुम्ही कधी बघितलाच नाही?"

धाकटीचा हात तारेवर थबकला. बऱ्याच पिंजऱ्यांवर ती तार एकावर एक दुहेरी गुंडाळलेली होती.

"ते मला विचारू नका," ती म्हणाली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

४

डॉक्टरांच्या बायकोने दार उघडलं ते जेमतेम फटीएवढं. नवरा जाऊन दोन दिवस नाही झाले आणि साडी अगदी इस्त्रीतली. दुःख होतं की नव्हतं ते कळायला मार्ग नव्हता.

हवालदार बूट काढायला वाकले आणि तसेच वाकून राहिले. "मॅडम, हे बघा."

दाराबाहेरच्या जोड्यांच्या कपाटात खालच्या फळीवर, मागे सारलेले, पळायच्या बुटांचे जोड होते. एकही नवा नाही. टाचा झिजून झिजून तिरप्या झालेल्या.

आणि बाईंना ते नख आठवलं. ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं! पोलिसात भरती व्हायच्या आधी त्या वेड्यासारख्या पळायच्या, आणि अंगठा बुटात आपटून आपटून नखं अशीच काळी पडायची. आई म्हणायची, पोरी, नोकरी लागेल पण नखं राहणार नाहीत.

"कुठे पळायचे?" त्यांनी विचारलं.

बायको दार पूर्ण उघडून बाजूला झाली.

तळघरात, बिनखिडकीच्या खोलीत, पळायचं यंत्र होतं. पट्टा मधोमध झिजून गुळगुळीत झालेला.

"रोज उजाडायच्या आत," बायको म्हणाली. "घामाघूम होईपर्यंत. मग आंघोळ, मग जगाला सांगायला मोकळे, की मी चालतसुद्धा नाही. मला शपथ घातली होती. मी कुणाला सांगू? ज्याच्यावर घर चालतं तेच खोटं निघालं तर जायचं कुठे?"

"आणि गोळी?"

"गोळी? आमच्या कुत्र्याला वजन कमी करायला देऊ का म्हणून मी विचारलं, तर अंगावर धावून आले. कुत्रा दिवसभर पळतो, त्याला चुकूनही देऊ नकोस म्हणाले. कुत्र्याची एवढी काळजी कधी केली नव्हती त्यांनी. मला नवल वाटलं."

"तुम्ही त्या सकाळी संस्थेत गेला होतात?"

"मी तिथे पाऊल टाकत नाही. आणि मला मारायचंच असतं तर घरी चहा होत नाही का, बाई?"

तेही खरंच होतं. परतताना गाडीत हवालदार आपले बोलत होते, की बरं झालं मी अजून ती गोळी घेतली नाही, मी रोज सायकलवरून चौकीत येतो.

"काय म्हणालात?" बाई ओरडल्या. "गाडी वळवा. संस्थेत चला. धाकटीला आता बोलावंच लागेल."

५

"तार तुटली होती," धाकटी म्हणाली. उंदीरघराचं दार लावून ती जमिनीवरच बसली होती. "एका पिंजऱ्याची. पहिल्या चाचणीच्या आधी. उंदरांनी गोळीचा दाणा खाल्ला होता आणि चाक मोकळं मिळालं. सकाळी येऊन बघते तर सगळे मेलेले, घामाने भिजावेत तसे ओले. गोळी शरीराला पळवते. त्यात जो खरोखर पळून आलाय, त्याच्या अंगातलं सगळं संपतं. मी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ताप आला असेल. दुसऱ्या दिवशी सगळ्या तारा दुहेरी केल्या."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"मला म्हणाले, पुढच्या शोधावर तुझं नाव वर घालतो." तिने मान खाली घातली. "घातलं नाहीच. भाचा गेला तेव्हा मला कळलं होतं. मी कुणालाही सांगितलं नाही. कुणालाही. डॉक्टरांशीच एकदा भांडले, इथेच, चहाच्या वेळी. म्हटलं, कष्टाची कामं करणाऱ्यांना गोळी देऊ नका असं निदान डब्यावर छापा. तर म्हणाले, कष्ट करणारे वगळले तर घेणारे उरले किती? गोळी बाजारात येऊ दे, मग बघू."

"चहाच्या वेळी. चहा कुणी आणला होता?"

धाकटीने नुसती बाहेर आक्कांच्या टेबलाच्या दिशेने मान वळवली.

"पहिल्या चाचणीतल्या लोकांच्या बाटल्या परत घेतल्या होत्यात?"

"सगळ्यांच्या. मी स्वतः दारोदार गेले." ती अडखळली. "एक घर सोडून. पोराला नुकतं पोचवून आलेल्या आईकडे औषधाची बाटली मागायची कुणाची छाती होणार?"

बाई उठल्या. आता काही उरलं नव्हतं. भागीदाराला डॉक्टर पीठ खातात हे ठाऊक असतं तर त्याने डॉक्टरांना कोंडून ठेवलं असतं, मारलं नसतं. त्याची सगळी पुंजी त्या माणसाच्या बारीक कमरेवर टांगलेली. धाकटीला गोळीची मेख ठाऊक, पण पिठाचं नाही, पळण्याचंही नाही. बायकोला पळणं ठाऊक, पीठही ठाऊक असेल, पण गोळी पळणाऱ्याला मारते हे नाही, आणि ती तिथे नव्हतीच. तिन्ही गोष्टी एकाच माणसाला ठाऊक असायला हव्या होत्या, आणि वाटीत हात घालायला त्या माणसाला कुणी अडवत नसायला हवं होतं. शिवाय त्याच्या घरात पिवळी भुकटी.

'आज सायकल चालवली होती का गं त्यानं?' बाईंना ते वाक्य पुन्हा ऐकू आलं, पण या खेपेला वेगळ्या अर्थाने. जीव लावणारा मामा नव्हता तो. तो तार तपासत होता.

६

चहाची वेळ झाली होती. आक्का कप विसळत होत्या. भागीदार दाराशी घुटमळत होते, त्यांना बाईंनी आतच बोलावून बसवलं. धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली.

"आक्का," बाई म्हणाल्या, "लेकाची बाटली कुठे आहे?"

आक्कांनी हात पुसले. कमरेच्या पिशवीतून एक छोटी बाटली काढून ट्रेवर ठेवली. आत पिवळसर गोळ्या होत्या, बाटली अजून बरीच भरलेली.

"बरंच लागलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, ही पण हार्ट अटॅक लिहून जाते की काय."

भागीदार ताडकन उठले. बाईंनी त्यांना नजरेनेच खाली बसवलं.

"माझा पोरगा गोळी घ्यायचा तर सगळा दिवस कडू ढेकर द्यायचा," आक्का सांगू लागल्या, अगदी शांतपणे. "हा मात्र गोळी गिळून वर गोड बिस्किटं खायचा. तेव्हाच मला कळलं, हा खोटी गोळी घेतो. मग पाय शेकायला पाणी नेलं, तर नखं काळी. लहानपणी पळून आला की अशीच व्हायची, मीच तेल लावायचे. म्हटलं, हा पळतोय. पळतोय आणि गोळी घेत नाही. का घेत नाही? मग त्या दिवशी या पोरीशी भांडताना ऐकलं, आणि सायकलचा तो प्रश्न मला समजला. पोर माझ्या मांडीवर गार पडलं होतं, आणि हा माझा भाऊ, ज्याला मी घास भरवले, तो बघत होता की आपला अंदाज बरोबर आला का!"

आक्कांनी विसळलेला कप ट्रेवर आपटला.

"त्याने वाटीत ठेवलेली गोळी उघडली, पीठ काढलं, माझ्या लेकाच्या गोळीतली भुकटी भरली. एकाच गोळीची. माझ्याकडे मूठभर होत्या, बाई. पण मी मोजून तेवढीच दिली जेवढी त्याने माझ्या पोराला दिली. जेवढी तो रोज घेतो म्हणून जगाला सांगत होता. तो खरं बोलत असता, तर त्याला काय झालं असतं? काही नाही. बसल्या जागी जरासा घाम आला असता. मी त्याला विष दिलं नाही. मी त्याला त्याचाच शब्द गिळायला लावला."

"त्यांना कळलं होतं," बाई हळूच म्हणाल्या. "चहा कडू लागला तेव्हाच. म्हणून दार लावून साखर खात बसले."

"मी दाराबाहेरच होते. ऐकू येत होतं मला, पुड्या फाडल्याचं." आक्कांनी डॉक्टरांच्या खोलीकडे पाहिलं. "मनाशी म्हटलं, एक हाक मार. 'आक्का, मी पळून आलोय, मला वाचव' एवढं म्हण. मी स्वतः गाडी बोलावली असती, देवाशपथ. पण तसं म्हटलं तर सगळं उघडं पडणार. नाही मारली हाक. मरण पत्करलं, पण खोटं सोडलं नाही."

भागीदारांना वाचा फुटली, आणि ती अशी फुटली की हवालदार आ वासून बघत राहिले.

"मॅडम, म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय! पोराच्या दुःखाने! अहो, यांना कशाला अडकवता? डॉक्टरांचं हृदयच कमजोर होतं. मी स्वतः यांच्यासाठी मोठ्यात मोठा वकील देतो, एका दिवसात सोडवतो!"

"खबरदार," आक्का गरजल्या. इतक्या जोरात, की मागच्या उंदीरघरातले उंदीर चुळबुळले. "मला कुणी सोडवायचं नाही. मी खून केलाय. माझ्या सख्ख्या भावाचा, विचार करून, माझ्या या हाताने. काय रे, घाम फुटला? फुटणारच. मला खुनी ठरवायचं, तर कोर्टात आधी सिद्ध करावं लागेल की ही गोळी पळणाऱ्या माणसाला मारते. मोठमोठे डॉक्टर उभे राहून शपथेवर तेच सांगतील. मग विक बाजारात. आणि ते एकदा सिद्ध झालं..." त्या बाईंकडे वळल्या. "झालं, तर माझ्या लेकाचं काळीज कच्चं नव्हतं, हेही सिद्ध होईल ना?"

आत्ता कुठे बाईंना सगळं कळलं. पहिल्याच दिवशी बहिणीने भावाला फाडून बघायला का लावलं, आणि पहिल्याच दिवशी कबुली का दिली नाही. तेव्हा कबुली दिली असती तर याच भागीदाराने तिला वेडी ठरवून घरी पोचवलं असतं. भावाच्या पोटातली भुकटी दुसऱ्या कुणी तरी शोधायला हवी होती.

बाई धाकटीकडे वळल्या. "उंदरांचं सांगाल? कोर्टात?"

"सांगीन," धाकटी म्हणाली. "तारा कुणी बांधल्या तेही सांगीन. माझंही काय व्हायचं ते होऊ दे."

"मॅडम, विचार करा," भागीदार काकुळतीला आले. "तुमच्या वरच्या साहेबांशी मी बोलतो..."

"जरूर बोला. पण लवकर बोला," बाई म्हणाल्या, "कारण चौकीत पोचल्या पोचल्या मी खुनाचा गुन्हा लिहिणार आहे. एक नव्हे, दोन. पहिला भाच्याचा." मग त्या आक्कांजवळ गेल्या. "पुसली जाईल ती ओळ, आक्का. तुम्हाला शिक्षा द्यायची तर ती आधी पुसावीच लागेल."

आक्कांनी फोटो उचलून पदराने पुसला आणि छातीशी धरला. हवालदारांनी बाटली कागदात गुंडाळली. हात त्यांनी रुमालावर दोनदा घासले. दाराशी पोचल्यावर आक्का थांबल्या. डॉक्टरांची खोली उघडी होती, खुर्ची जागेवर होती.

"झालं रे तुझं पळून," त्या म्हणाल्या.

आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या रडल्या, हमसून हमसून, भावासाठी. बाईंनी त्यांना रडू दिलं. हवालदार गाडी दाराशी घेऊन आले.